आक्कांनी राखलेला पाडवा

आक्का गेल्याचा निरोप नगरहून येणाऱ्या पहिल्या एसटीच्या कंडक्टरनं आणला. मी शाळेत होते. तपासणीला साहेब यायचे होते म्हणून वर्गाच्या भिंतीवर तक्ते चिकटवत होते, हातात खळीची वाटी होती, आणि कंडक्टर फाटकातूनच म्हणाला, "बाई, तुमच्या जावबाई पहाटं गेल्या. मालकांनी सांगितलंय, घरी तयारी करून ठिवा, ते मागनं टेम्पोनं घिऊन येत्यात." एवढं बोलून तो गेला, त्याची गाडी रस्त्यात उभी होती. मला आधी काय आठवलं असेल तर हे, की आदल्या संध्याकाळी नगरच्या दवाखान्यात आक्का म्हणाल्या होत्या, "ऱ्हा की गं आजच्या दिस," आणि मी तपासणीचं कारण सांगून शेवटची गाडी गाठली होती. साहेब त्या दिवशी आलेच नाहीत. पुढच्या आठवड्यात आले, तक्ते बघून खूश झाले, आणि मला मात्र त्या तक्त्यांकडं अजून बघवत नाही.

आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. महाशिवरात्र झाली आणि त्या गेल्या, पाडव्याच्या महिनाभर आधी. आता पाडवाही होऊन गेला. मी हे लिहायला बसले आहे ते आक्का फार मोठ्या होत्या म्हणून नव्हे. त्या चिडायच्या, रुसायच्या, भांड्यांचा आवाज करून राग काढायच्या, शेजारणीच्या लुगड्याची किंमत मनातल्या मनात ठरवायच्या. पण त्यांनी माझ्यासाठी एक गोष्ट केली आणि ती केल्याचं तीन वर्षं मला कळू दिलं नाही. ती कळल्यापासून मला नीट जेवण जात नाही, खोटं कशाला सांगू. या लेखात मी गावाचं नाव घातलेलं नाही आणि आडनावही नाही. का, ते वाचत गेल्यावर कळेल. ज्यांना ओळख पटेल त्यांनी कृपा करून ती मनातच ठेवावी.

मी भिंगारची. वडील लष्कराच्या डेपोत कारकून, घरात आम्ही सगळ्या मुली शिकलेल्या आणि बोलायला पुढे. एकाहत्तर साली माघात लग्न होऊन श्रीगोंद्याकडच्या या शेतकऱ्याच्या घरात आले. घरात सासूबाई, थोरले दीर ज्यांना सगळे आण्णा म्हणायचे, आक्का, आणि आमचे हे. सासरे फार पूर्वीच गेलेले. आण्णांना छातीचा आजार होता. मी आले तेव्हाच ते मागच्या खोलीत खाटेला खिळलेले होते, आणि आमचं लग्न घाईनं उरकलं ते त्यांच्याच हट्टानं. धाकट्याच्या डोक्यावर अक्षता टाकल्याशिवाय मी जाणार नाही, असं त्यांनी डॉक्टरांनाच सांगितलं होतं म्हणे. मांडवात त्यांना खुर्चीवर बसवून आणलं होतं. आक्का मागं उभ्या राहून त्यांच्या पाठीला हात लावून होत्या, दिसू नये अशा बेतानं. त्यांना मूलबाळ नव्हतं. मला पहिल्याच आठवड्यात त्यांनी ताब्यात घेतलं. माझी भाकरी तव्यावर पडली की म्हणायच्या, "मास्तरीनबाई, ही भाकर हाय का तालुक्याचा नकाशा?" आणि सासूबाईंच्या नजरेला पडायच्या आत ती भाकरी स्वतःच्या ताटात ओढून घ्यायच्या.

असंच एकदा चुलीपुढं बसलो असताना मी माहेरच्या सणांचं कौतुक सांगत होते. नागपंचमीला आम्ही भिंगारला केवढा झोका बांधायचो, मेंदी कशी रंगायची. आक्का म्हणाल्या, "आपल्या भाऊकीत पंचीम न्हाई बाई." मला कळेना. मग त्यांनी समजावलं. सणाच्या दिवशी भाऊकीतलं माणूस गेलं की तो सण मोडतो. एका घरापुरता नव्हे, सगळ्या भाऊकीतून मोडतो. पुन्हा कधी त्याच दिवशी भाऊकीत मूल जन्मलं किंवा दावणीची गाय व्याली, तरच तो सण परत घेता येतो. आमच्याकडं पिढ्यांमागं एक सून नवी घरात आली होती, आणि तिच्या पहिल्याच पंचमीला तिचा सासरा गेला. तेव्हापासून या घराण्यातल्या बायका पंचमीला हाताला मेंदी लावत नाहीत. त्या सुनेला लोक जन्मभर 'पंचमी खाल्लेली' म्हणत राहिले. तिचं खरं नाव काय होतं, हे आज भाऊकीत एकालाही सांगता येत नाही.

मी हसले. शिकलेली होते ना! म्हटलं, "आक्का, मरणाला काय पंचांग कळतं?"

"मरनाला न्हाई कळत गं," त्या चुलीत काटकी सारत म्हणाल्या, "मानसाला कळतं."

महिना सरला आणि माझा सासरचा पहिला पाडवा आला. आमचं घर भाऊकीत थोरलं, त्यामुळं मानाची गुढी आमची. ती उभी राहिली, ताटली वाजली, की मग बाकीच्या घरांच्या गुढ्या उभ्या राहायच्या, आणि दुपारचं जेवण सगळ्या भाऊकीला आमच्याच ओट्यावर. नव्या सुनेचं वर्ष म्हणून गुढीला माझा लग्नातला शालू लावायचा ठरला होता. माहेरहून साखरेची गाठी आली होती, ही मोठी, पोरं तिच्याभोवती घिरट्या घालत होती. मी पहाटेच तेल लावून न्हाले, केसांत गजरा माळला आणि उगीचच या खोलीतून त्या खोलीत फिरू लागले. आक्का आण्णांच्या खोलीतून बाहेर आल्या, दार ओढून घेतलं आणि म्हणाल्या, "आत्ताशी डोळा लागलाय त्यांचा, समदी रात खोकत हुते. कुनी आत जाऊ नगा आज." मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "गजरा वाकडा झालाय." आणि तो सरळ केला. त्यांची बोटं गार होती. पहाटेच्या पाण्यानं असतील, असं मला वाटलं… वाटलं असं तरी कसं म्हणू, त्या वेळी मला काहीच वाटलं नव्हतं. गजऱ्याकडं लक्ष होतं.

ओट्यावर कळकाची काठी धुऊन ठेवली होती. आक्का शालूच्या चुन्या घालायला बसल्या आणि मी जमलेल्या पोरांपुढं माझं ज्ञान पाजळायला सुरुवात केली. पाडवा का करतात, कुणाला ठाऊक आहे का? ब्रह्मदेवानं याच दिवशी सृष्टी निर्माण केली. रामचंद्र वनवास संपवून याच दिवशी अयोध्येत आले, तेव्हा लोकांनी दारोदार गुढ्या उभारल्या. आणि आपल्याकडं पैठणला शालिवाहनानं मातीचे शिपाई केले, त्यांच्यावर पाणी शिंपडलं, त्यांच्यात जीव आला, ते उठले आणि शत्रूला पिटाळून लावलं. तिथून शक सुरू झाला. सासूबाई मध्येच म्हणाल्या, "आमची गुढी आपली आजेसासऱ्यापस्नंची. त्याच्या आदी कुनी केली ते रामालाच ठावं." सगळे हसले. आक्का तेवढ्या हसल्या नाहीत. चुनी दाबत खाली मान घालून म्हणाल्या, "पानी शिपडल्यावं उठले का गं, खरंच?" मी छाती पुढं काढून सांगितलं, "उठले तर!"

गुढी उभी राहिली. कडुनिंबाचा डहाळा, आंब्याची पानं, गाठी, वर तांब्या, आणि वाऱ्यावर माझा शालू. इतका सुंदर दिसला तो! ह्यांनी ताटली वाजवली, तशी पलीकडच्या, भाऊकीतल्याच तात्यांच्या घरची वाजली, मग त्याच्या पुढची. कडुनिंब, गूळ, ओवा, चिंच वाटून केलेला घास सगळ्यांच्या हातावर पडला. मग हळदीकुंकू. आक्कांनी मला लावलं, आणि रीतीप्रमाणं मी करंडा घेऊन त्यांच्याकडं वळले. त्या जरा मागं सरकल्या. मला वाटलं थट्टा करतात. मी हसत त्यांचा खांदा धरला आणि कपाळाला कुंकू लावलं, चांगलं ठसठशीत. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

पुढं आम्ही दोघं आण्णांच्या पाया पडायला निघालो. आक्का आधीच दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. दार हातभर उघडलं. आण्णा भिंतीकडं तोंड करून निजलेले, अंगावर वाकळ. "हितनंच करा नमस्कार," आक्का म्हणाल्या, "जाग आली की पुन्ना खोकला धरंल." आम्ही उंबऱ्यावरूनच वाकलो. मोठ्यांचा आशीर्वाद तर हवा, म्हणून मी तिथंच घोटाळले, आणि त्यांच्या ते ध्यानात आलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "त्यांच्या वाटचं मीच म्हनते," त्या म्हणाल्या, "अखंड सौभाग्यवती ऱ्हा." दुपारी भाऊकीच्या पंगती उठल्या, तात्यांनी पुरणपोळीवर तूप मागून मागून घेतलं, आक्का वाढत होत्या. आण्णांसाठी ताट आत घेऊन गेल्या आणि तसंच बाहेर आणलं. "घास उतरंना म्हनत्यात." दिवस मावळताना गुळाचा नैवेद्य दाखवून गुढी उतरवली. शालूची घडी आक्कांनीच घातली आणि माझ्या ट्रंकेत नेऊन ठेवली.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला, ऊन ओट्यावर आलं, आणि आक्कांनी हंबरडा फोडला.

सगळे म्हणाले, आण्णा पुण्यवान. धाकट्याचं लग्न बघितलं, सण बघितला, सण होऊ दिला आणि मग गेले. तात्या तर मला मुद्दाम हाक मारून म्हणाले, "पोरी, तुझ्या पायगुनानं पाडवा राखला बघ." मला त्या दुःखातही बरं वाटलं. एका दिवसाच्या फरकानं आपण वाचलो, हा विचार माझ्या मनात आला होता, मरणाला पंचांग कळत नाही म्हणणाऱ्या माझ्या मनात. दहाव्याला नदीवर पिंडाला कावळा शिवेना. ह्यांनी पुढं होऊन सांगितलं, वहिनीला अंतर देणार नाही. तात्यांनी सांगितलं, शेताची वाटणी होऊ देणार नाही. सासूबाईंनी पदर पसरला. कावळे पलीकडच्या बाभळीवर बसून होते, एकही खाली आला नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून लावला. आक्का बायकांच्या घोळक्यात मागं बसल्या होत्या. त्यांनी काहीच कबूल केलं नाही, काही मागितलं नाही, बाभळीकडं पाहिलंसुद्धा नाही.

मग दुष्काळाची वर्षं आली. ती मी काय सांगू, वाचणाऱ्यांनी आपापल्या दारात ती बघितली आहेत. विहिरीचा तळ दिसला, जनावरं छावणीला गेली, धडधाकट माणसं खडी फोडायला गेली. शाळेत पोरं सरकारनं वाटलेल्या सुकडीच्या वासावर यायची. आण्णा गेल्यानंतरच्या पहिल्या पाडव्याला त्यांचं वर्ष पुरं व्हायला एक दिवस उरला होता, म्हणून आमच्याकडं गुढी झाली नाही. गेल्या साली मात्र आक्का पंधरवड्यापासून माझ्या मागं लागल्या. मी दिवसभर शाळा आणि वर सुकडीवाटपाचं काम करून कावलेली. म्हटलं, "आक्का, प्यायला पाणी टँकरचं, आणि गुढी कशाला उभी करायची? कुणाला दाखवायची?" आक्का माझ्यावर कधी ओरडल्या नव्हत्या. त्या दिवशी ओरडल्या. "उभी करायची म्हंजी करायची! मोडाय काय लागतंय? राखून बघ एकदा!" मला राग आला. विधवा बाई, गुढीला स्वतः हात लावता येत नाही, आणि हट्ट केवढा, असं मी ह्यांच्याजवळ बोललेसुद्धा. शेवटी गुढी उभी केली, पण तोंड पाडून. कडुनिंबाचा डहाळा आक्कांनी आणला, माझ्या हातात दिला आणि त्या माजघराच्या दाराआड जाऊन उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी आण्णांचं श्राद्ध. स्वयंपाक त्यांनी केला, पण घरातून नैवेद्य बाहेर नेताना त्यांचे पाय जड झाले. आदल्या सालीही झाले होते. मी समजायचे, दुःख.

या माघात त्यांच्या पोटात दुखायला लागलं. नगरच्या दवाखान्यात नेईपर्यंत फार उशीर झाला होता, हे डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं आणि आक्कांनी आमच्या तोंडाकडं बघून ओळखलं. शेवटच्या दिवशी दुपारी मी त्यांच्याजवळ होते. हे औषध आणायला गेले होते. आक्कांनी विचारलं, "पाडवा कवा हाय?" मी सांगितलं, अजून महिना आहे. "मला न्हाई गावत औंदाचा," त्या म्हणाल्या. आणि मग, जणू काल-परवाचं राहिलेलं काम सांगावं तसं, त्यांनी सांगितलं.

आण्णा पाडव्याच्या सकाळीच गेले होते. आक्का त्यांना तोंड धुवायला पाणी घेऊन गेल्या तेव्हा सगळं संपलेलं होतं. "हाका मारनार हुते," त्या म्हणाल्या. "तोंड उघडलं हुतं मी. तेवढ्यात तू भाईर हसलीस. गजरा घालून हिंडत हुतीस न्हवं? मला ती पंचीमवाली आठवली. म्हनलं, ह्या पोरीचं नाव आता मेल्यावं सुदीक 'पाडवा खाल्लेली' ऱ्हानार… दार वढून घेतलं."

त्या थांबत थांबत बोलत राहिल्या. मरताना माणसाच्या तोंडात पाणी घालतात, तुळशीचं पान ठेवतात. त्यांनी घातलं नाही. "घातलं आसतं तर मीच रडले आसते. मग कुनाला आवरलं आसतं?" नवऱ्याला तहानलेला ठेवला. उशाला दिवा लावला नाही. घरात प्रेत असताना देवाला नैवेद्य दाखवला, सगळ्या भाऊकीला सुतकातलं जेवू घातलं. आणि कपाळाला कुंकू लावून घेतलं. हे सांगताना त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "तुझा काय दोस न्हाई हां त्यात," जसं काही मीच आजारी होते आणि त्या मला भेटायला आल्या होत्या. मग म्हणाल्या, "तितबी चुकीची पडली. दर साली दुसऱ्या दिशी घालतो आपुन. त्यांना पोचतंय का न्हाई कुनास ठावं. दहाव्याला कावळा आला न्हाई न्हवं? तो आदल्या दिशी यिऊन गेला आसंल. आमीच नव्हतो तितं."

आणि दुष्काळ. दुष्काळसुद्धा त्यांनी स्वतःच्या डोक्यावर घेतला होता. "सुतकातला निवद दावला देवाला. मग पाऊस कुठनं पडंल?" मी रडत रडत भांडले त्यांच्याशी. म्हटलं, "आक्का, अख्ख्या महाराष्ट्रात दुष्काळ होता, तुमच्या एका नैवेद्यानं?" त्यांनी विचार केला. "समद्या महाराष्ट्राचं न्हाई म्हनत मी," म्हणाल्या, "आपल्या शिवारापुरतं तरी…" तेव्हाच हे औषध घेऊन आले आणि त्या गप्प झाल्या. गाडीची वेळ झाली. त्या राहा म्हणाल्या. मी तपासणीचं सांगितलं. खरं सांगू? तपासणी तर होतीच, पण मला तिथून पळायचं होतं. त्यांच्यासमोर बसवत नव्हतं मला.

तेराव्यानंतर मी ह्यांना सगळं सांगितलं. हे बराच वेळ बाहेर बैलांपाशी जाऊन उभे राहिले. परत आले आणि म्हणाले, "आण्णांच्या पाया पडलो होतो आपण." आता पुढचा प्रश्न होता. आण्णांची खरी तिथी पाडव्याची. ती धरायची तर भाऊकीला सांगायला हवं. भाऊकीला सांगितलं की पाडवा मोडला, आणि आक्कांनी जे केलं ते सगळं फुकट. नाही सांगायचं तर आण्णांना दर साली चुकीच्या दिवशी वाढायचं, आणि ते आता माहीत असून. आक्कांच्या वेळी त्या एकट्या जाणून होत्या, म्हणजे पाप म्हणा, काय म्हणा, एकीचं होतं. आता ते माझ्याकडं आलं होतं, आणि माझ्यासाठीच झालेलं असल्यामुळं कुणाला परतही करता येत नव्हतं. मी देवधर्म फार मानते अशातली नाही. वर्गात अजूनही ग्रहण सावल्यांचा खेळ म्हणून शिकवते. तरी रोज सकाळी पाण्याचा तांब्या तोंडाला लावताना मला आण्णा आठवायचे.

यंदाच्या पाडव्याला आमच्या घरी गुढी नव्हती. आक्कांना जाऊन वर्ष व्हायचं होतं, घरात सण नाही. भाऊकीचं सुतक फिटलं होतं, म्हणून बाकीच्यांनी आपापल्या गुढ्या धुऊन काढल्या, आणि या सालापुरता मान तात्यांकडं गेला. मी ठरवलं होतं, कुणाला न सांगता मागच्या खोलीत जायचं आणि आण्णांच्या नावानं पाणी सोडायचं. तेवढं तरी. सकाळी पाणी घेऊन गेले, दार लोटलं, तर आत सासूबाई बसलेल्या. रिकाम्या खाटेपाशी, जमिनीवर. पुढ्यात पाण्याची वाटी आणि वाटीत तुळशीचं पान.

"ये," त्या म्हणाल्या. "सांगितलं वाटतं तुला तिनं."

मी तिथंच खाली बसले. "आत्याबाई, तुम्हाला माहीत होतं?"

"तो जागा झाला की खाकरायचा," त्या म्हणाल्या. "त्या दिशी सकाळपस्नं खाकरला न्हाई. आईच्या कानाला कळतं गं. मी उठून दारापत्तुर गेल्ते. आन ती दाराला पाठ लावून हुबी. माझ्याकडं बघितलं तिनं. मी म्हनलं, गुढीला गूळ कुठं ठिवलाय? आन माघारी फिरले."

दुसऱ्या दिवशी आण्णांना अंघोळ घालताना भाऊकीतल्या बायका कुजबुजल्या होत्या, अंग फार ताठलंय, पहाटे गेलेल्या माणसाचं असं नसतं. सासूबाईंनीच त्यांना गप्प केलं होतं. उपाशी अंग आहे, लवकर ताठतं, म्हणून. आणि त्यानंतर दोघी एका घरात, एका चुलीवर, एकमेकींशी एक शब्द बोलल्या नाहीत. "तिला वाटायचं, समदं तिच्या एकटीच्या डोक्यावं हाय," सासूबाई म्हणाल्या. "एकदा म्हनाया पायजे हुतं मी, का बाई, मलाबी ठावं हाय, माझाबी त्यात हात हाय. आज म्हनंन, उद्या म्हनंन… जीभच उचलली न्हाई. मेली बिचारी. एकटीच मेली."

मी त्यांना विचारलं, पुढं काय करायचं. तात्यांना सांगायचं का? तिथी बदलायची का? त्यांनी वाटीतलं तुळशीचं पान बोटानं सारखं केलं. मग म्हणाल्या, "तिनं राखलाय पाडवा. तिच्या मागं मी मोडनार न्हाई. भाईर दुसऱ्या दिशी व्हतंय ते व्हऊ दे. पानी हितं घालू, आजच्या दिशी, दर साली. मी हाय तंवर मी, मग तू." त्यांनी माझा हात धरून वाटीला लावला आणि आम्ही दोघींनी मिळून ते पाणी खाटेच्या पायाशी सोडलं.

तेवढ्यात पलीकडं तात्यांच्या ओट्यावर ताटली वाजली. त्यांची गुढी उभी राहिली होती. मग पुढच्या घरची वाजली, मग त्याच्या पुढची, पोरांचा गलका झाला. सासूबाई ऐकत होत्या. "औंदा आपल्या घरी सन न्हाई," त्या हळूच म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा एकदम वाकडा झाला. मुलगा गेला त्या दिवशी त्यांना रडता आलं नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांबरोबर रडल्या ते ठरल्या वेळेचं रडणं होतं. आता त्यांनी पदराचा बोळा तोंडात धरला होता, सवयीनं, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. मी तो त्यांच्या हातातून सोडवला. म्हटलं, "आत्याबाई, मोठ्यानं रडा. कुणी आलंच विचारायला, तर आक्कांसाठी रडतोय म्हणून सांगू." आणि ते काही खोटं नव्हतं.